उष्णता की न्यूट्रॉन? कोल्ड फ्यूजनचा दावा गावातल्या प्रयोगशाळेत कसा तपासावा

पाण्यात दोन पट्ट्या बुडवल्या, बॅटरी जोडली, पाणी तापलं. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून आलेला एखादा विद्यार्थी लगेच म्हणतो, "सर, पाणी तं भल्लंच तापलं! फ्यूजन झालं ना मग हे?" यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न कधीतरी येतोच. फ्यूजन म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जुळून ऊर्जा निघणं, आणि ते साध्या तापमानाला, टेबलावर होतं असा दावा म्हणजे कोल्ड फ्यूजन. "नाही" म्हणून त्याला गप्प बसवण्यापेक्षा मोजून दाखवणं बरं. मोजायच्या गोष्टी दोन आहेत, उष्णता आणि न्यूट्रॉन. पहिली गावात मोजता येते. दुसरीसाठी शहराकडे जावं लागतं, पण तिची तयारी गावात होते.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी जाहीर केलं की जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असतो) पॅलेडियमची कॅथोड, म्हणजे ऋण टोकाची पट्टी, ठेवून विद्युत अपघटन केलं असता दिलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त उष्णता मिळते. ही उष्णता ड्यूटेरियमची केंद्रकं जुळल्याने येते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही त्याच वर्षी तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने प्रयोग सुरू केले. जगभर पुष्कळ ठिकाणी हे काम झालं, आणि बहुतेकांना काही सापडलं नाही. गूगलच्या पैशातून झालेल्या आणि २०१९मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या अभ्यासालाही पुरावा मिळाला नाही. तरी विषय पूर्ण मिटलेला नाही. म्हणूनच मोजायचं कसं, हे शिकून घ्यावं.

आधी वही, मग बॅटरी

ड्यूटेरियमची दोन केंद्रकं जुळली की माहीत असलेल्या तीनच गोष्टी घडतात. जवळपास निम्म्या वेळा ट्रिटियम (ड्यूटेरियमहूनही जड हायड्रोजन) आणि प्रोटॉन मिळतात, एकूण ऊर्जा सुमारे ४ एमईव्ही (केंद्रकांची ऊर्जा मोजायचं एकक). जवळपास निम्म्या वेळा हीलियम-३ आणि २.४५ एमईव्ही ऊर्जेचा न्यूट्रॉन मिळतो, एकूण सुमारे ३.३ एमईव्ही. आणि साधारण कोटीत एकदा हीलियम-४ बनून २३.८ एमईव्हीचा गॅमा किरण निघतो.

आता फळ्यावर हिशेब मांडा. एक वॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२४ लाख कोटी एमईव्ही. एका अभिक्रियेमागे सरासरी ३.६५ एमईव्ही धरली, तर एका वॉटसाठी सेकंदाला सुमारे १ लाख ७० हजार कोटी अभिक्रिया लागतात. त्यातल्या निम्म्या न्यूट्रॉन देतात, म्हणजे सेकंदाला ८५ हजार कोटी न्यूट्रॉन. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि प्रयोग संपेपर्यंत पुसू नका.

एवढे न्यूट्रॉन खरंच निघाले, तर एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला काही तासांतच जीवघेणा डोस मिळेल. म्हणजे एका वॉटचं ओळखीचं फ्यूजन करून दाखवणारा प्रयोगकर्ता प्रात्यक्षिकानंतर चहाला थांबला असेल, तर एवढ्यावरूनच बरंच कळतं. कोल्ड फ्यूजनचे समर्थकही हे जाणतात. म्हणून त्यांच्यातले बरेच जण म्हणतात की ही अभिक्रिया वेगळ्या वाटेने जाते, न्यूट्रॉन किंवा गॅमा न देता थेट हीलियम-४ देते. तसं असेल तर हीलियम मोजावा लागेल. हवेत तो दहा लाखांत पाच भाग असतोच, आणि ड्यूटेरियमच्या रेणूपासून त्याला वेगळा ओळखायला फार बारीक वस्तुमान मोजणारं यंत्र लागतं. तो रस्ता आपल्यासाठी बंद आहे.

भाभा केंद्राच्या प्रयोगांतली चक्रावणारी गोष्टही इथेच सांगून टाकावी. त्यांनी न्यूट्रॉनपेक्षा ट्रिटियम कितीतरी जास्त नोंदवलं, म्हणजे ट्रिटियमच्या कोटीभर अणूंमागे न्यूट्रॉन एखादा. वरच्या हिशेबाने दोन्ही जवळपास सारखे यायला हवे होते.

भांडं आणि द्रावण

पॅलेडियम आणि जड पाण्याच्या मागे लागू नका. जड पाणी किराण्यात मिळत नाही, आणि मिळालं तरी सुरुवात त्याने करू नये. साधं पाणी, पोटॅशियम कार्बोनेट आणि निकेलच्या पट्ट्या घ्या. साध्या पाण्यात ड्यूटेरियम दर सहा-साडेसहा हजार हायड्रोजनमागे एखादाच असतो, त्यामुळे उत्तर शून्य यायला हवं. ते आणून दाखवणं हीच पहिली परीक्षा आहे, आणि वाटतं तितकी ती सोपी नाही.

निकेलची पट्टी बॅटरी पॅक जुळवणाऱ्यांकडे मिळते. पण स्वस्त पट्टी बहुतेकदा आतून पोलाद आणि वरून निकेलचा मुलामा अशी असते. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटतं. पट्टी कानशीने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर दुकानदाराला परत द्या. एनोडला, म्हणजे धन टोकाच्या पट्टीला, स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरू शकतं. जुन्या सेलमधली कार्बनची कांडीही नको, ती एनोडला हळूहळू जळते आणि तिची उष्णता तुमच्या हिशेबात घुसते. आणि द्रावणात मीठ मुळीच नको, क्लोरीन निघतो.

रुंद तोंडाचा, आतून काचेचा, अर्ध्या लिटरचा थर्मास घ्या. त्यात ४०० मिलिलिटर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी (आम्ल नव्हे) आणि २८ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट. हातमोजे आणि चष्मा घालूनच मिसळा. झाकणातून दोन तारा, एक तापमापक, कॅलिब्रेशनचा, म्हणजे किती वॉटला किती अंश हे आधी ठरवून घ्यायचा, रेझिस्टर आणि वायू बाहेर नेणारी नळी जाईल. ही नळी खिडकीबाहेर सोडा. ती कधीही बंद करू नका, आणि खोलीत उदबत्ती, विडी, स्टो काही नको. निघतो तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन, नेमका स्फोटाला लागतो त्या प्रमाणात. १९९२च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात एका संशोधन संस्थेत बंद सेल फुटून एक शास्त्रज्ञ दगावला होता.

ड्रम, रुई आणि ऋतू

थर्मास टेबलावर ठेवून भागणार नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे दुपारी ४५ अंश आणि पहाटे ३०, अशा खोलीत तुमचा एक वॉट कुठे हरवला ते सापडणारच नाही. दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा. थर्मास एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून तो डबा विटेच्या वजनाने ड्रमात मानेपर्यंत बुडवा. ड्रमाला बाहेरून पोत्यांत भरलेली रुई गुंडाळा. गादीवाल्याकडची जुनी चालते, आणि ती आपल्याकडे कमी नाही. ड्रमावर झाकण हवंच. उघडं पाणी बाष्पीभवनाने थंड होत राहतं. माठ किंवा रांजण याच कारणाने बाद, थंड होणं हा त्यांचा धर्मच आहे.

रुईला आळस करू नका, कारण असं: अशा थर्मासला नवं तापमान धरायला जवळपास तीन तास लागतात. ड्रमाचं पाणी तीन तासांत एक अंशाने खाली आलं, तर थर्मास मागे रेंगाळतो आणि जवळपास एक अंश जास्त गरम दिसतो. आतलं काहीही न बदलता तुम्हाला दीडशे मिलिवॉट फुकट मिळाल्यासारखे वाटतात. हिवाळ्यात दिवस-रात्रीतला फरक मोठा, उन्हाळ्यातही मोठा. आषाढ-श्रावणात आभाळ झाकलेलं असतं आणि तापमान फार हलत नाही. उष्णता मोजायला तोच काळ उत्तम.

वीज आणि तापमापक

वीज थेट बोर्डातून घेऊ नका. लोडशेडिंग आलं की चौदा तासांची फेरी वाया जाते. बारा व्होल्टची इन्व्हर्टरची बॅटरी आणि व्होल्टेज उतरवून करंट स्थिर ठेवणारं स्टेप-डाउन मॉड्यूल वापरा. बुडबुड्यांमुळे व्होल्टेज सारखं नाचतं. करंटही नाचू लागला तर दोघांच्या सरासरींचा गुणाकार खरी शक्ती देत नाही. करंट स्थिर असेल तर हा घोळ टळतो. व्होल्टेज थर्मासच्या झाकणापाशी मोजा, बॅटरीपाशी नव्हे. तारांत जाणारे व्होल्ट पाणी तापवत नाहीत.

तापमापक म्हणून डीएस१८बी२० हा इलेक्ट्रॉनिक सेन्सर पुरतो. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची असते, पण आपल्याला दोन तापमापकांतला फरक हवा आहे. दोन्ही एकाच गडूतल्या पाण्यात तासभर ठेवा, फरक लिहून घ्या, पुढे तो वजा करत जा. एक सेलमध्ये, दुसरा ड्रमच्या पाण्यात. खोलीचं तापमान फक्त माहितीसाठी.

द्रावण ढवळायला चुंबकाची ढवळणी लावा, जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर चुंबक चिकटवून ती घरी बनते. स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटत नाही ना, ते आधी पाहा, नाहीतर प्लास्टिकचा डबा घ्या. इथे कंजुषी नको. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या नेथन लुइस यांनी १९८९मध्ये युटाच्या प्रयोगावर घेतलेल्या मोठ्या आक्षेपांपैकी एक हाच होता, की द्रावण नीट ढवळलं जात नसेल तर एका बिंदूचं तापमान सगळ्या सेलचं नसतं.

कॅलिब्रेशन: कंटाळवाणा भाग, आणि सगळ्यात महत्त्वाचा

दहा ओहम, पाच वॉटचा रेझिस्टर तळाशी बंद असलेल्या बारीक काचनळीत घालून द्रावणात सोडा. इलेक्ट्रोड जागेवर, पण बंद. ढवळणी चालू. रेझिस्टरला अर्धा वॉट द्या आणि रात्रभर थांबा. मग एक वॉट, मग दोन. प्रत्येक वेळी सेल आणि ड्रम यांच्यातला स्थिर झालेला फरक लिहा. रात्री आठला सुरू केलं तर सकाळी दहाच्या सुमारास वाचन घेता येतं. आलेख जवळजवळ सरळ रेषा यायला हवा. समजा एका वॉटला सहा अंश आले. तुमच्या थर्मासला वेगळा आकडा येईल, दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

मग तीच मापं पुन्हा घ्या. दोन्ही वेळच्या आकड्यांत जो फरक पडेल, तीच तुमच्या यंत्राची खरी चूक. गावातल्या साधनांनी पन्नास मिलिवॉटपर्यंत आलात तर शाबासकी घ्या. त्यापेक्षा लहान "जादा उष्णता" वहीत चढवू नका.

आता खरी फेरी

रेझिस्टर बंद, इलेक्ट्रोड चालू. करंट अर्धा अँपिअर. समजा व्होल्टेज ४ आलं. दिलेली शक्ती २ वॉट. पण ती सगळी उष्णता होत नाही. पाणी फोडायला लागणारी ऊर्जा वायूबरोबर बाहेर जाते, तिच्यासाठी व्होल्टेजमधून १.४८ वजा करायचे. जड पाण्यासाठी हाच आकडा सुमारे १.५३ असतो. म्हणजे अपेक्षित उष्णता ०.५ गुणिले २.५२, १.२६ वॉट. आपल्या थर्मासमध्ये साडेसात अंश.

इथेच सापळा आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर जाण्याआधी सेलमध्येच पुन्हा जुळून पाणी झाले, तर गेलेली ०.७४ वॉट (०.५ गुणिले १.४८) परत येते. पूर्ण जुळले तर सेल २ वॉट दाखवेल आणि तुम्ही १.२६ची अपेक्षा धरून बसलेले. चक्क ५९ टक्के जादा उष्णता, आणि सगळी रसायनशास्त्राची. थोडेसे जुळले तरी चार-पाच टक्के सहज येतात, आणि नेमके तेवढेच टक्के माणसाला मोहात पाडतात.

म्हणून वायू मोजा. बाहेर सोडलेली नळी थोडा वेळ पाण्याने भरलेल्या उलट्या मोजपात्राखाली धरा. एका अँपिअर-तासाला दोन्ही वायू मिळून सुमारे ०.७ लिटर यायला हवेत. आपल्या अर्ध्या अँपिअरला तासाला ०.३५ लिटर. कमी भरले तर जितका भाग कमी, तितका भाग ०.७४ने गुणा आणि ती उष्णता अपेक्षेत मिळवा. मोजपात्रातला वायू नंतर उघड्यावर सोडून द्या, कोणाला तरी काडी लावून "बघू" म्हणायचा मोह होईलच.

वजनही करा. एका अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम पाणी फुटतं, पंधरा तासांच्या फेरीत सुमारे अडीच ग्रॅम. किराणा दुकानातला काटा इथे कामाचा नाही, किलोभर वजनात दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. अडीचपेक्षा जास्त घट आली तर ती वाफ किंवा तुषार. वाफेच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २,४०० जूल बाहेर गेले. कमी घट आली तर वायू सेलमध्येच पुन्हा जुळल्याचा संशय.

एवढं सगळं करून अपेक्षा आणि मोजमाप पन्नास मिलिवॉटच्या आत जुळलं, की पहिला टप्पा झाला. आता फळ्याच्या कोपऱ्याकडे बघा. हे पन्नास मिलिवॉट फ्यूजनचे असते तर सेकंदाला ४,२५० कोटी न्यूट्रॉन निघाले असते. म्हणजे उष्णतेच्या मापाने लहानसं फ्यूजन शोधणं हे जिनिंगच्या धर्मकाट्यावर तिळाचा दाणा तोलण्यासारखं आहे.

न्यूट्रॉनकडे

ऑनलाइन मिळणारा स्वस्त गायगर काउंटर न्यूट्रॉन मोजत नाही. त्याने बीटा-गॅमा कळतात, आणि पार्श्वभूमीचा, म्हणजे प्रयोग नसतानाही येणाऱ्या नोंदींचा, सराव करायला तो चांगला आहे, एवढंच. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे आधी त्याला एखाद्या केंद्रकाशी गाठ घालून द्यावी लागते. हीलियम-३ किंवा बोरॉन ट्रायफ्लोराइड भरलेल्या नळ्या हे करतात, पण मंद न्यूट्रॉनवरच नीट. म्हणून नळीभोवती काही सेंटिमीटर जाडीचं मेण किंवा पॉलिथीन लागतं. अशा नळ्या, त्यांचा हजार व्होल्टच्या आसपासचा पुरवठा, आणि कार्यक्षमता ठरवायला लागणारा न्यूट्रॉनचा स्रोत हे सगळं गावात आणायचं नाही. किरणोत्सारी स्रोतासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला पत्र लिहून विचारा. ज्यांच्याकडे सोय असेल, त्यांच्याच आवारात मोजणी करा.

जाण्याआधी आकडे वाचायला शिका. समजा न्यूट्रॉनचा काउंटर रिकाम्या खोलीत तासाला ६० नोंदी देतो. चोवीस तासांत १,४४०. अशा मोजणीत वर्गमुळाएवढा डोल आपोआप असतो, सुमारे ३८. सेल चालू ठेवून तेवढाच वेळ मोजलं, तर दोन्हींच्या फरकातला डोल ५४. त्याच्या तिप्पट, १६०च्या वर फरक असेल तरच बोलायला जागा. एखाद्या तासात ७५ आले म्हणून टाळ्या वाजवू नका, असे तास येतातच. काउंटर शंभरातले दोन न्यूट्रॉन पकडतो असं धरलं, तर ही १६०ची मर्यादा म्हणजे दर दहा सेकंदांना सेलमधून एक न्यूट्रॉन. ओळखीच्या फ्यूजनच्या हिशेबाने ती शक्ती एका वॉटचा साडेआठ लाख कोटीवा हिस्सा. तुमच्या थर्मासपेक्षा हा काउंटर चाळीस हजार कोटी पट तिखट झाला. म्हणून एक माप दुसऱ्याची साक्ष काढू शकत नाही. तुरळक न्यूट्रॉन सापडले तरी त्याने उष्णतेचा दावा सिद्ध होत नाही, आणि उष्णता दिसली तरी न्यूट्रॉन "असतीलच" असं म्हणता येत नाही.

मात्र तिखट काउंटर भोळाही असतो. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेने एप्रिल १९८९मध्ये न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच शब्द मागे घेतले. त्यांचा डिटेक्टर उष्णतेलाच प्रतिसाद देत होता! गरम सेलशेजारी ठेवलेला डिटेक्टर "उष्णता आणि न्यूट्रॉन एकत्र आले" असं सांगणारच. म्हणून काउंटरशेजारी तोच थर्मास, तेवढंच तापमान, पण रेझिस्टरने तापवलेला, अशी एक पूर्ण कोरी फेरी घ्या. शक्य असेल तर दोन काउंटर ठेवा, एक जवळ, एक दूर, आणि मध्येच जागा बदला. वाढ सेलबरोबर राहायला हवी, काउंटरबरोबर नव्हे.

पार्श्वभूमीही स्थिर नसते. ती मुख्यतः आकाशातून येते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की वैश्विक किरणांचे न्यूट्रॉन अर्ध्या-पाऊण टक्क्याने वाढतात. आपल्याकडे जानेवारी आणि जुलै यांत दाबाचा फरक दहाच्या वर जातो. शिवाय भिजलेली काळी जमीन न्यूट्रॉन गिळते, कोरडी परतवते. चिखलदऱ्याच्या उंचीवर सपाटीपेक्षा दुपटीच्या आसपास न्यूट्रॉन मिळतील. म्हणून हिवाळ्यातली पार्श्वभूमी पावसाळ्याच्या फेरीला लावायची नाही. एक दिवस सेल चालू, एक दिवस बंद, असं आळीपाळीने मोजा आणि दाब रोज लिहा.

दमट हवेत उच्च व्होल्टेजच्या जोडण्यांतून गळती होऊन खोट्या नोंदी येतात. उष्णतेला चांगला असलेला श्रावण इथे वैरी ठरतो. जोडण्यांच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, किंवा न्यूट्रॉनची फेरी डिसेंबरात घ्या. खोलीत पाण्याचा कूलर नको. नोंदी दहा-दहा मिनिटांच्या गटांत साठवा. शिवारात थ्री-फेज येऊन मोटारींचे स्टार्टर एकदम पडतात त्या वेळेला नोंदींची गर्दी दिसली, तर ते न्यूट्रॉन नव्हेत, विहिरीवरचे पंप आहेत. आणि सेलभोवती पाच विद्यार्थी घोळका करून उभे राहिले तरी आकडा हलू शकतो, माणसाच्या अंगातला हायड्रोजन न्यूट्रॉन मंदावतो. मोजणी चालू असताना खोली रिकामी.

आकड्याला गॅमाचा आधार आहे का, तेही विचारा. न्यूट्रॉन पाण्यात मंदावून हायड्रोजनमध्ये अडकतो तेव्हा २.२२ एमईव्हीचा गॅमा निघतो. युटाच्या गटाने असं शिखर दाखवलं होतं, पण एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी १९८९मध्येच दाखवून दिलं की खऱ्या शिखराबरोबर दिसायला हवी ती पायरी त्या आलेखात नव्हती आणि त्याची रुंदीही जुळत नव्हती. एका शिखराचा फोटो कोणी पाठवला तर पूर्ण वर्णपट मागा.

विद्यापीठात जाताना सोबत नेण्याची वही अशी असावी: कॅलिब्रेशनच्या सगळ्या फेऱ्या, फसलेल्याही. वायूचं मोजमाप, वजनं, दाब, वीज गेल्याच्या वेळा, आणि प्रत्येक फेरीआधी लिहिलेली अपेक्षा. अपेक्षा नंतर लिहिली असेल तर तसं स्पष्ट लिहा. वापरलेलं द्रावण मोरीत, विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नका, त्यात निकेल उतरलेलं असतं. ते झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये चिठ्ठी लावून ठेवा आणि त्याच खेपेला विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात घेतील का, ते आधी फोन करून विचारा.